भोकरदनहून पेटी आणली त्याची हकीकत

जी कोणी ही वही उघडील तिने आधी मला माफ करावे. माझे अक्षर किरटे आहे, ओळी उजवीकडे खाली घसरतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा नाद मी चौथीतच सोडून दिला. मास्तर म्हणायचे, "सगुणा, तुझी पाटी म्हणजे मुंग्या सांडल्यासारखी दिसते." त्याला आता वीस वर्षे झाली. मुंग्या अजून तशाच आहेत.

लिहायचे कारण असे. बायकांच्या सभेत पाळकांच्या पत्नी मला म्हणाल्या, "पेटी आणायला गेलात तेव्हा काय काय झाले ते सगळ्यांना सांगा. ज्या गेल्या नाहीत त्यांनाही कळू दे." मी उभी राहिले. अकराजणी माझ्याकडे पाहू लागल्या. माझ्या तोंडून "प्रभूची कृपा झाली" एवढेच निघाले आणि मी खाली बसले. घरी येऊन वाटले, कृपा झाली हे खरे, पण ती कशातून झाली ते सांगितल्याशिवाय कोणाला काय कळणार? म्हणून ह्यांच्या दवाखान्यातल्या जुन्या वहीची कोरी पाने घेऊन बसले आहे. वही संदुकीत राहील. बोलता येत नाही ते लिहून तरी ठेवावे.

जालन्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीची गायनाची पेटी उंदरांनी खाल्ली. भात्याचे कातडे कुरतडून आत पिल्ले घातली होती. तेव्हापासून उपासनेत गीत सुरू झाले की पुरुष एका पट्टीत आणि बायका दुसऱ्या पट्टीत, अशी ओढाताण व्हायची. मग आम्ही बायकांनी मूठ ठेवायचे ठरवले. रोज दळायला बसताना ज्वारीची एक मूठ प्रभूच्या मडक्यात टाकायची आणि मग बाकीचे दळायचे. महिन्याच्या शेवटी सगळ्यांची ज्वारी माझ्याकडे यायची आणि ती विकून आलेले पैसे मी जपायचे. ज्यांच्या घरी एकदाच चूल पेटायची त्यांचीही मूठ चुकली नाही. दोन वर्षांत बारा रुपये जमले.

भोकरदनला येशुदासमास्तर नावाचे म्हातारे गृहस्थ शाळा सोडून मुलाकडे वऱ्हाडात जाणार होते. त्यांची पेटी विकायची होती. कार्ड आले: बारा रुपये, येत्या बाजारच्या दिवसापर्यंत वाट पाहीन. हे मला म्हणाले, "एकदा पाळकीणबाईंना दाखव, काही विचारायचे असेल तर विचार." मला त्यांच्या बंगल्याची पायरी चढायची लाज वाटली. मी कोणाला विचारले नाही. येतो म्हणून उत्तराचे कार्ड मीच टाकले. ह्या एका लाजेने पुढे काय केले ते कळेलच.

ह्यांना रजा मिळेना, दवाखान्यात हिवतापाची गर्दी होती. बायका म्हणाल्या, पैसे तुझ्याकडे, तूच जा. सोबतीला मार्थामावशी. त्या साठीच्या आहेत, गावोगाव फिरून बायकांना शास्त्र सांगतात आणि कोणाला भीत नाहीत. गाडी किसनमामांची. ते आमच्या वस्तीतलेच, बैलांशी जास्त आणि माणसांशी कमी बोलतात.

राजूरच्या वाटेवर

आश्विन लागला होता. जालना सोडल्यावर दोन्ही बाजूंना कपाशी कमरेइतकी आणि मध्येच तिळाची पांढरी फुले. काळी माती अजून ओली होती. चाकाला ती इतकी चिकटायची की किसनमामांना दर थोड्या वेळाने उतरून काठीने खरवडावी लागे. बारा रुपये मी लुगड्याच्या आतल्या पदराला गाठ मारून बांधले होते आणि एक हात सारखा त्या गाठीवर होता.

राजूरच्या अलीकडे चाक निघाले. चाकाला आवरून धरणारी लोखंडी खीळ कुठेतरी मागे पडली होती. गाडी एका अंगावर बसली आणि मार्थामावशी माझ्या मांडीवर आल्या.

"मामा," त्या तिथूनच म्हणाल्या, "बैलांना वैरण घालता तवा खिळीकडं बी पाहत जा की."

"खीळ काय वैरण खाती व्हय," किसनमामा म्हणाले आणि कोयता घेऊन बाभळीकडे गेले.

त्यांनी लाकडाची खीळ तासली. तोवर आम्ही बांधावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. लाकडाच्या खिळीवर गाडी जोरात हाकता येईना, म्हणून मुक्काम राजुरातच पडला. मी मनातून कुरकुरत होते. मार्थामावशी म्हणाल्या, "कुरकुरू नको. देवानं सावकाश चाल म्हणलं तर सावकाश चालावं." मला ते पटले नाही, पण दुसऱ्या दिवशी केदारखेड्याला पोचलो तेव्हा पूर्णा नदीला पाणी आले होते आणि सकाळी नदीत उतरलेली एक गाडी बैलांसकट वाहत जाऊन खाली बाभळीत अडकली होती. माणसे वाचली. चाक निघाले नसते तर त्या वेळी आम्हीच पाण्यात असतो. किसनमामा त्या लाकडाच्या खिळीवरून हात फिरवत बराच वेळ उभे राहिले.

केदारखेडा

दोन दिवस नदी उतरली नाही. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, इथे मात्र लख्ख ऊन. पाणी गढूळ, चहासारखे, आणि त्यातून कडबा, ओंडके, एकदा तर आख्खा मांडव वाहत गेला.

गावाच्या कडेला भागाबाई नावाच्या धनगर बाईचे घर होते. पन्नाशीची, उंच, आवाज पुरुषासारखा. नवरा वारलेला, मुलगा मेंढरे घेऊन लांब रानात गेलेला. ही घरी लोकर कातून घोंगड्या करून घ्यायची आणि भोकरदनच्या बाजारात विकायची. तिने आम्हाला नदीकाठी बसलेले पाहिले.

"कोणाच्या गं तुम्ही?"

मार्थामावशींनी सांगितले, जालन्याच्या, ख्रिस्ती. ती जराशी थांबली. मग म्हणाली, "नदीकडं पाहून ती काय उतरती व्हय? चला. गोठ्यात जागा हाय."

गोठ्यापुढच्या ओट्यावर तिने एक घोंगडी अंथरली. "बसा. घोंगडीला इटाळ न्हाई." पाणी तिने वरून ओंजळीत घातले. मला ह्याचे नवल नाही. माझी आजीही असेच पाणी प्यायली होती, आणि तिला घोंगडी कोणी घातली नव्हती. मी आभार मानले तेही मनातच, कारण शब्द येईनात.

संध्याकाळी तिने बाजरीची भाकरी आणि अंबाडीची भाजी दिली, वरून लसणाचे कडकडीत तेल. आमच्याकडे अंबाडीत कण्या घालतात, ती डाळ घालते. आम्ही डोळे मिटून प्रार्थना केली. डोळे उघडले तर ती समोर उकिडवी बसून आमच्याकडेच पाहत होती.

"काय झालं? भाजी खारट हाय का?"

"न्हाई माय," मार्थामावशी म्हणाल्या. "ज्यानं दिलं त्याचं नाव घेतलं."

"दिलं तर म्या."

"तुझं बी घेतलं."

हे ऐकून ती हसली. मग तिला मुठीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आम्ही बी खंडोबाच्या नावानं काढतो. पर वर्षाला एकदा. तुमचा देव रोज मागतो म्हंजे लई खर्चाचा हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोकरांना पाला आणायला गेली. मार्थामावशी झोपल्या होत्या. दाराजवळ दगडावर पाण्याचे मडके होते. एक करडू आले आणि मडक्यामागे तोंड घालून ढुशा मारू लागले. मडके कलले. मी काही विचार न करता धावले आणि दोन्ही हातांनी धरायला गेले. ते निसटले आणि दगडावर फुटले.

पाणी अंगणभर झाले. करडू तिथेच उभे, पाय भिजलेले. कोणी पाहिले नव्हते. आवाजाने मार्थामावशी उठल्या, त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा करडाकडे पाहिले. हळूच म्हणाल्या, "करडानं फोडलं म्हण. अर्धं तर खरंच हाय." आयुष्यभर शास्त्र सांगणारी बाई असे बोलली, ते माझ्यासाठीच बोलली हे मला कळत होते. फोडले ह्याहून मोठी गोष्ट ही की मी तिच्या पाण्याला हात लावला होता. संध्याकाळ व्हायची होती, नदी उतरली नव्हती, आणि आम्हाला दुसरा आसरा नव्हता.

भागाबाई आली. पाल्याचा भारा डोक्यावर तसाच.

मी म्हणाले, "माझ्या हातून फुटलं."

"हात लावलास?"

"लावला."

"करडू व्हतं नव्हं तिथं?"

"व्हतं. पण फुटलं माझ्या हातून."

तिने भारा टाकला, खापऱ्या गोळा करून उकिरड्यावर नेऊन टाकल्या, आतून घागर काढली आणि नदीच्या वाटेला लागली. त्या रात्री भाकरी मिळाली, पण ती ठेवून लगेच आत गेली. मी प्रार्थनेत प्रभूला म्हटले, खरे बोलले तर माणूस तुटले. हे कसे? उत्तर मिळाले नाही. ते दुसऱ्या दिवशी मिळणार होते.

सकाळी नदी उतरली. गाडी जुंपली तेव्हा भागाबाई सात घोंगड्यांचे गाठोडे घेऊन बाहेर आली आणि किसनमामांना म्हणाली, "मला बी बाजाराला जायचंय. जागा हाय का?" आणि उत्तराची वाट न पाहता चढली.

भोकरदन

येशुदासमास्तरांना मोतीबिंदूने जवळजवळ काही दिसत नाही. पेटी त्यांनी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. फडके काढून त्यांनी भाता हलवला आणि एक सूर धरला. घर भरून गेले. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या अकराजणी उभ्या राहिल्या, एकेकीची मूठ दिसू लागली.

मी गाठ सोडून रुपये त्यांच्या हातावर ठेवले. ते एकेक रुपया अंगठ्याने चाचपून बाजूला ठेवत होते. तिसऱ्या रुपयावर थांबले.

"बाई, हा चारमिनार आहे. सगळेच चारमिनार आहेत."

"होय," मी म्हणाले.

"मी कलदार धरून लिहिले होते. मला वऱ्हाडात जायचे आहे. तिथे निजामाचा रुपया कोण घेतो?"

बारा कलदारांचे, म्हणजे इंग्रजी रुपयांचे, चौदा हाली, म्हणजे निजामाचे चारमिनार रुपये, होतात. दोन रुपये कमी. आमच्या घरी पगार कलदारात येतो आणि बाजार हालीत होतो, म्हणजे हे मला कळायलाच हवे होते. हे म्हणाले होते, विचार म्हणून. मी लाजले होते.

मास्तर वाईट नव्हते. म्हणाले, "तुम्हाला मी सोडले असते. पण डोळ्याच्या उपचाराला एवढेच आहेत माझ्याजवळ. एक दुकानदार बारा कलदार द्यायला तयार आहे, तो दिवस मावळायला येणार आहे. तोवर तुमची वाट पाहतो."

बाहेर येताच मार्थामावशी माझ्यावर तुटून पडल्या. "चार इयत्ता शिकलीस, आन रुपया कंचा ते इच्यारलं न्हाईस? अकरा घरच्या चुली गं त्या." मी रडले नाही. रडायलाही वेळ नव्हता. किसनमामांनी कमरेचे चार आणे काढून पुढे धरले आणि परत ठेवले, कारण तेवढ्याने काही होणार नव्हते. त्या गावात ओळखीचे एकच माणूस होते, आणि त्याचे मडके मी फोडले होते.

"मी न्हाई जायाची," मार्थामावशी म्हणाल्या. "जन्मभर लोकांना दे देवाचं म्हणून सांगितलं. आता पदर पसरू? तुझी चूक, तूच जा."

बाजारातून चालताना मला वाटले, सगळे माझ्याकडेच पाहतात. मिरच्यांचे ढीग, बांगड्यांची दुकाने, गुळावरच्या माश्या, हे सारे मी आज सांगू शकते. तेव्हा काही दिसत नव्हते. मनात एकच घोकत होते. प्रभूसुद्धा एकदा दमून विहिरीवर बसला होता आणि त्याने परक्या बाईजवळ पाणी मागितले होते. देणाऱ्याला मागायला कमीपणा वाटला नाही. मी दोन वर्षे मुठी गोळा करून मनातल्या मनात फुगले होते, की मी देणाऱ्यांतली. मागणाऱ्याची जागा मी कधी बसून पाहिलीच नव्हती.

भागाबाई चिंचेखाली बसली होती. पाच घोंगड्या विकल्या गेल्या होत्या. मी समोर उभी राहिले. तोंड उघडेना.

"काय गं? आता काय फोडलंस?"

शेजारच्या बायका हसल्या. मला कसेसे हसू आले आणि त्याबरोबर जीभ सुटली. सगळे सांगितले: कार्ड, लाज, चारमिनार, कलदार, दुकानदार. एवढे बोलणे मी लग्नानंतर एका वेळी कधी केले नसेल. पायांतले चांदीचे वाळे काढायला वाकले.

"राहू दे," ती म्हणाली. "मला तुझं काय गहाण नको. कधी देशील ते बोल."

"दर महिन्याला थोडे थोडे. होळीच्या आत सगळे."

"बराबर?"

"बराबर."

तिने चंचीतून दोन रुपये काढले आणि माझ्या तळहातावर वरून टाकले. शेजारची बाई म्हणाली, "भागाबाई, ओळख ना देख, जालन्याची बाई. गेले समज."

"जात न्हाईत," भागाबाई म्हणाली. "करडाच्या नावावर मडकं घालायचं व्हतं, तर घातलं न्हाई हिनं. खोटं बोलायला लई भेती ही."

गोठ्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे असे चिंचेखाली मिळाले. मडके फुटले नसते तर मी भागाबाईची कोण होते? ओट्यावर बसून गेलेली एक वाटसरू.

परतताना

सराफाकडे चौदा हालींचे बारा कलदार करून घेतले, दिवस मावळायच्या आत मास्तरांच्या हातावर ठेवले, आणि पेटी मांडीवर घेऊन मी गाडीत बसले. भागाबाई परतीलाही आमच्यातच होती. नदीपाशी बैल पाणी पीत होते तेव्हा ती म्हणाली, "वाजव की. माझे दोन रुपये हायत त्यात. दोन रुपयांचा तरी आवाज ऐकू दे."

"हिला येत न्हाई," मार्थामावशी म्हणाल्या.

खरेच येत नव्हते. पण मास्तरांनी धरलेला तो एक सूर कोणत्या पट्टीचा ते मी पाहून ठेवले होते. मार्थामावशींनी भाता हलवला, मी ती पट्टी दाबून धरली आणि आमच्या उपासनेतले आभाराचे गीत म्हटले. आधी पुटपुटत, मग आवाज आपोआप मोठा होत गेला. सभेत मी कधी एवढ्याने गायले नाही. काठावरच्या शेळ्या पळाल्या. भागाबाईने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "बरं हाय. पर एकच सूर दोन रुपयांना महाग पडला तुला."

जालन्यात पेटी पोचली त्या रविवारी पुरुष आणि बायका एका पट्टीत गायले. बायकांना मी त्या दोन रुपयांचे सगळे खरे सांगितले, म्हणजे मार्थामावशींकडून सांगवले. बायका म्हणाल्या, मंडळीच्या मुठीतून फेडू. मी नाही म्हटले. चूक माझ्या लाजेची होती. घरात मी दुसरे मडके मांडले: एक प्रभूच्या मुठीचे, एक भागाबाईच्या. ह्यांनी विडी सोडली आणि तिचे पैसे माझ्या हातावर ठेवू लागले. आणि मार्थामावशी रोज सकाळी पाणी न्यायच्या निमित्ताने यायच्या, भागाबाईच्या मडक्यात एक मूठ टाकायच्या आणि मी पाहिलेच नाही असे धरून जायच्या. दिवाळीनंतर किसनमामा सरकी घेऊन तिकडे गेले तेव्हा त्यांच्याबरोबर आठ आणे पाठवले. संक्रांतीनंतर आणखी आठ आणे. शेवटचा रुपया द्यायला मी स्वतः गेले.

होळीला आठ दिवस होते. पूर्णेला घोट्याइतके पाणी, त्यात दगड मोजता येत होते. ह्या वेळी मार्थामावशी नव्हत्या. किसनमामांनी गाडी नदीजवळ सोडली आणि मी एकटी भागाबाईच्या अंगणात गेले. दाराशी दगडावर नवे मडके होते. मी त्याच्यापासून लांब उभी राहिले.

"आलीस?" ती म्हणाली. "बस."

ओट्यावर घोंगडी नव्हती. मी ती अंथरायची वाट पाहत उभी राहिले. ती टकळीवरची लोकर सोडवत होती, वर पाहीना. "बस म्हणलं ना." मी उघड्या ओट्यावर बसले. सारवण अजून ओलसर होते.

ती उठली, मडक्यातून पितळी गडवा भरून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. ओंजळीत पाणी घातले नाही. मी गडव्याकडे पाहत राहिले.

"पी की. मडकं नवं हाय. फोडू नको म्हंजे झालं."

मी गडवा दोन्ही हातांनी धरून प्याले. ती नंतर तो राखेने घासून घेईल की काय, हे मनात आले, आणि घेतला तर घेऊ दे असेही आले. पाणी थंड होते आणि त्याला नव्या मातीचा वास होता. डोळे मिटून मी आभार मानले. ह्या वेळी तिने भाजीचे विचारले नाही.

मग पदराची गाठ सोडून रुपया तिच्या हातावर ठेवला. वर एक आणा ठेवला.

"ह्यो कशाचा?"

"मडक्याचा."

तिने रुपया उलटून चारमिनार पाहिला, आणा पाहिला, दोन्ही चंचीत टाकले आणि दोरी ओढली. "फिटलं," ती म्हणाली. "मडक्यासकट."